ताठ बस, पुढे बघ

आमच्या पोथ्यांच्या फडताळात वरच्या कप्प्यात, जुन्या रेशमी मुकट्याच्या चिंधीत गुंडाळलेला एक चष्मा आहे. लहान मुलाच्या मापाचा. त्याच्या काड्या माझ्या कानापर्यंत पोचत नाहीत, आणि ओढूनताणून पोचवल्या तरी त्यातून मला समोरची भिंतसुद्धा धड दिसत नाही. परवा सुनेने फडताळ झाडायला काढलं आणि तो तिच्या हाती लागला. हा कुणाचा, म्हणून तिने विचारलं. मी तिच्या हातातून तो जवळजवळ हिसकावून घेतला. बिचारी घाबरली.

त्याच संध्याकाळी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हाताऱ्याचं तापलेलं डोकं निवलं असेल, असं त्याला वाटलं असावं. त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, आता शाळेत घालायचं चाललंय. तो म्हणाला, बाबा, तुम्ही ताईला शाळेत घातलं होतंत, तेव्हा तर आळीत कुणी मुलीला घालत नव्हतं, मग पहिल्या वर्षात आईबापांनी काय काय धरून चालायचं ते सांगा की. मी म्हणालो, मास्तरांना विचार, मला काय विचारतोस! आणि उठून ओटीवर गेलो. तो तेव्हा पाळण्यात होता, त्याला यातलं काही ठाऊक नाही. जन्मभर मी सगळं तोंडाने केलं, पण एवढं एक तोंडाने सांगायची माझी छाती होत नाही. म्हणून लिहून ठेवतो.

आम्ही ठाण्याचे भिक्षुक. टेंभी नाक्यापासून घर हाकेच्या अंतरावर. माझ्या वडिलांनी मला संथा दिली, त्यांना त्यांच्या वडिलांनी दिली. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने ते ऐकून दोनदा म्हणायचं, आणि असं म्हणता म्हणता सगळं गळ्यात उतरवायचं, ही संथा. कागद मध्ये यायचाच नाही. संथेला बसताना पाठ ताठ, नजर समोर, हात गुडघ्यावर. मान खाली गेली की वडिलांची पळी बोटांवर बसलीच म्हणून समजा. पोथीत बघून म्हणणाऱ्या ब्राह्मणाला आमच्या घरात हलकं समजत. कुणाकडे श्राद्धाला असा एखादा पोथीत नाक खुपसून बसलेला दिसला की वडील घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवत आणि आम्ही पोट धरधरून हसत असू. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते आमच्यासारख्याच घरात होऊ शकत होतं.

मुलीला शाळेत घालावं हे माझ्या डोक्यात आपणहून आलेलं नव्हतं. माझे एक यजमान वकील होते, सुधारकी मतांचे. गावात मुलींची शाळा निघाली होती आणि पट भरत नव्हता, म्हणून ते दारोदार फिरत होते. मला म्हणाले, गुरुजी, तुमची मुलगी आली तर चार घरं मागोमाग येतील. शिवाय आताची इंग्रजी शिकणारी मुलं लिहिता-वाचता येणारी बायको मागतात. पहिलं माझ्या डोक्यावरून गेलं, दुसरं बरोबर कानात शिरलं. घरी सांगितलं तेव्हा बायकोने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढता वाढता म्हणाली, करा काय करायचं ते, पण तिच्या लग्नात कुणी बोट दाखवलं तर तुमच्याकडे दाखवीन.

आषाढातला बरा दिवस बघून मी पोरीला घेऊन गेलो. तिला सातवं लागलं होतं. बरोबर नारळ, पानसुपारी आणि मुलींना वाटायला चणे-बत्तासे. मास्तर पन्नाशीच्या पुढचे, सज्जन गृहस्थ. त्यांनी मला बसवून अख्खं वर्ष पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. गणपतीपर्यंत मुळाक्षरं, दिवाळीपर्यंत बाराखड्या, संक्रांतीपर्यंत जोडाक्षरं, शिमग्यापर्यंत पहिलं पुस्तक, आणि शिमगा उलटला की शाळा तपासणारे डिपुटीसाहेब परीक्षेला येणार. पहिले आठ दिवस रडेल, तिकडे लक्ष देऊ नका. महिन्याभराने घरात शाळा शाळा खेळायला लागली की रुळली म्हणून समजा. परकराला पाटीची भुकटी लागेल, तिच्या आईला म्हणावं रागावू नका. बापाने दोनच गोष्टी करायच्या, रोज पाठवायचं आणि घरी पाठ म्हणवून घ्यायचा. मी मनात हसलो. पाठ म्हणवून घेणं हा तर आमचा पिढीजात धंदा.

पोर रडली नाही. उलट पहाटे उठून तयार. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, आज मास्तरांनी फळ्यावर काय काढलं? ती म्हणाली, फळा काळा आहे. मी आणि तिची आई इतके हसलो! काय हजरजबाबी पोर आहे म्हणून मी ते दोन-चार यजमानांकडे सांगितलंसुद्धा. तिला मात्र आम्ही का हसतोय ते कळलं नाही. ती आमच्याकडे बघत राहिली.

घरी पाटी घेऊन बसली की तिचं नाक पाटीला टेकायचं. कपाळावर भुकटीचा पांढरा डाग घेऊनच उठायची. आई म्हणायची, पाटी लिहितेस की चाटतेस? माझा तर जीव वरखाली व्हायचा. पाठीला पोक आलं, मान वाकडी झाली, तर उद्या बघायला येणारे काय म्हणतील? आणि शेवटी माझ्या घरातली पोर, तिने असं नाक खुपसून बसावं? मी आपला दिवसातून पन्नास वेळा ओरडायचो. ताठ बस, पुढे बघ. ताठ बस, पुढे बघ. ती ताठ बसायची. गुणी पोर, दोन महिन्यांत तिची ती सवय पार मोडली, आणि मोडली म्हणून मी तिला जत्रेतून लाकडी बाहुली आणली.

मग पहिलं पुस्तक आलं आणि मी हातात घेतलं. मी एक ओळ वाचायची, तिने दोनदा म्हणायची. काय तिची धारणा सांगू! मला जे आठ दिवस लागले असते ते तिला एका सकाळीत. पुस्तक मांडीवर उघडं, नजर समोरच्या खांबावर, आणि आवाज असा खणखणीत की शेजारी काम थांबवून ऐकायचे. पान कुठे उलटायचं ते मी नुसतं ‘हं’ म्हणून सांगायचो. पुढे पुढे ‘हं’ सुद्धा लागेना. संक्रांतीला, अजून वर्गात जोडाक्षरं चालली होती, तेव्हा आमच्या पोरीचं पुस्तक संपलं होतं. जिने दोन दिवस अबोला धरला होता तीच आता हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे तिला वाचायला बसवू लागली. ती पुस्तकाकडे बघतसुद्धा नाही, असं बायका म्हणायच्या आणि माझी छाती फुगायची. न बघता म्हणणं, याहून मोठं काय असतं आमच्याकडे?

आता वाटतं, माझेच डोळे कुठे गेले होते? पण खरं सांगतो, तिच्या डोळ्यांबद्दल शंका यावी असं काही नव्हतंच. तांदूळ निवडायला बसली तर बारीकसा खडा तिच्यातून सुटायचा नाही. आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्या सुईत दोरा ओवायला तिच्याकडे यायच्या. हिची नजर म्हणजे काय विचारता, असं जो तो म्हणायचा. हां, चालताना मात्र वेंधळी. उंबऱ्याला अडखळायची, भरली घागर लाथाडायची. एकदा आमच्याकडे ब्राह्मण जेवायला होते, पानं मांडून भोवती रांगोळ्या घातल्या होत्या, आणि ही सरळ रांगोळीतून चालत आली आणि मधल्या पानात पाय दिला. सगळ्यांच्या देखत मी तिच्या फाडकन थोबाडीत दिली. डोळे फुटलेत का, असं मी म्हणालो. हेच शब्द. ती म्हणाली, नाही बाबा.

शिमगा झाला, डिपुटी आले. त्या दिवशी मुलींच्या बापांना शाळेच्या ओटीवर बसायला बोलावलं होतं. वकील यजमान पुढे होते, मी त्यांच्या मागे, नवं उपरणं घेऊन. आमच्या पोरीची पाळी आली. डिपुटींनी पहिल्या पुस्तकातला एक धडा काढून दिला आणि त्याचं नाव घेतलं. तिने तो असा म्हटला की त्यांनी मान डोलावली. वकिलांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग डिपुटींनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं, पुढे कुठेतरी उघडलं, काही न बोलता तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, आता हा वाच.

ती गप्प. पुस्तक समोर, नजर समोर, आणि गप्प. मग तिने पहिला धडा पहिल्यापासून म्हणायला घेतला. मुली खिदळायला लागल्या. डिपुटी शांतपणे म्हणाले, पुस्तकात बघ की, बाळ. तशी ती खाली वाकली, वाकत वाकत तिचं नाक पानाला टेकलं, आणि एकेक अक्षर लावून ती खरंच वाचायला लागली. हळूहळू, पण खरंखुरं. क ला काना, म. काम. आणि मी, सवयीने, ओटीवरून सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, “ताठ बस, पुढे बघ!” ती तत्क्षणी ताठ झाली आणि पुन्हा गप्प.

डिपुटींनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. उठले, चार पावलं मागे गेले, खिशातून काहीतरी काढून हातात धरलं आणि विचारलं, काय आहे हे? ती म्हणाली, घड्याळ. मला हायसं वाटलं. त्यांनी घड्याळ खिशात टाकलं, तिथेच उभं राहून तीन बोटं वर केली आणि विचारलं, ही किती? तिने मान कलती केली, घड्याळाची टिकटिक ऐकली होती तशी बोटंही ऐकत असल्यासारखी. मग तिने तोंड ओटीकडे वळवलं, मी जिथून ओरडलो होतो त्या बाजूला. माझ्या ‘हं’ची ती वाट बघत होती, हे त्या सगळ्या खोलीत फक्त मला कळलं.

परीक्षा संपल्यावर डिपुटींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “गुरुजी, मुलगी फार हुशार आहे. पण हिला वीतभरापलीकडचं काही धड दिसत नाही. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?” घरी आलो तो अंगणाच्या टोकाला तुळशीपाशी उभा राहिलो. पोर माझ्या पुढे धावत गेली होती आणि ओटीवर बसून चणे खात होती. मी हात वर केले, हलवले. ती माझ्याच दिशेने बघत होती. आत वळून म्हणाली, आई, कुणीतरी आलंय बघ. मी खोकलो, तेव्हा हसून म्हणाली, अगं, बाबाच आहेत.

मुंबईच्या इस्पितळात डोळ्यांच्या डॉक्टरने तिला खुर्चीवर बसवून एकेक काच डोळ्यांपुढे धरली आणि चार वाक्यांत मोकळा झाला. काही रोग नाही, लांबचं दिसत नाही इतकंच, चष्मा लावला की दिसेल. कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका दुकानातून तो करून घेतला. आगगाडीतून येताना ती खिडकीला चिकटून बसली होती आणि मला प्रश्न विचारून विचारून तिने भंडावून सोडलं. ते पांढरे ढीग कसले? मीठ. त्यावर चालतंय ते काय? माणूस. इतका लहान? मी म्हटलं, लांब आहे म्हणून लहान दिसतो. लांबचं माणूस लहान दिसतं, हे सात वर्षांच्या पोरीला मी त्या दिवशी समजावून सांगितलं.

घरात मात्र आकाश कोसळलं. बायकोने चष्मा पाहिला आणि आकांत मांडला. मुलीच्या जातीला चष्मा! म्हातारे कारकून लावतात तो! कोण पत्करणार हिला? आंधळी म्हणून बोंब व्हायला कितीसा वेळ लागणार? तिचं चुकत नव्हतं, माझ्याही मनात तेच चाललं होतं. शेवटी असं ठरलं की चष्मा शाळेत आणि घरात लावायचा, पण दारात कुणी आलं की काढून ठेवायचा. शाळा मास्तरांनी सांभाळून घेतली. मुलींनी दहा दिवस म्हातारी म्हातारी म्हणून चिडवलं आणि मग कंटाळून सोडून दिलं.

त्यानंतरची दीड-दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. पोर वाचायला लागली, म्हणजे खरंच वाचायला लागली. पुड्याचा कागद वाचायची, पंचांग वाचायची, देवळाच्या कमानीवरची अक्षरं रस्त्यात उभी राहून वाचायची. आणि बघायची! मास्तर बोलायच्या आधी मिशी चावतात. समोरच्या काकू एकट्याच हसतात. एक दिवस मला सगळ्यांपुढे म्हणाली, बाबा, तुम्ही जप करताना डुलक्या काढता, मी तिकडून बघितलं. मी लटका रागावलो. तिची आई पदर तोंडाला लावून हसली.

तिला नववं लागलं तेव्हा कल्याणचं स्थळ आलं. घर भरलेलं, मुलगा इंग्रजी शाळेत, स्वभावाने गरीब. असं स्थळ आमच्या दारी येतं कशाला, तर मुलगी वाचते हे त्यांच्या कानावर गेलं होतं. मुलाच्या वडिलांनी निरोप पाठवला, बघायला येऊ तेव्हा मुलीकडून थोडं वाचून घेऊ. चष्मा लावून वाचावं तर स्थळ उठून जाणार. चष्म्याशिवाय वाचावं तर नाक पानाला टेकणार, म्हणजे पुन्हा तेच.

मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी पोरीला हाक मारली. समोर चौरंगावर पुस्तक ठेवलं, चष्मा काढून घेतला आणि म्हणालो, म्हण माझ्यामागून. तिने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. “बाबा, मला आता वाचता येतं. मग पाठ कशाला?”

मी म्हणालो, मोठ्यांना उलट विचारत नाहीत. ती मुकाट्याने बसली. पाठ ताठ, नजर समोर. दोन धडे तिने तासाभरात उचलले. पान उलटायच्या जागी मी ‘हं’ म्हणणार होतो, तेही तिला सांगावं लागलं नाही, तिच्या लक्षात होतं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा मला कळत नव्हतं. या वेळी मला सगळं कळत होतं.

पाहुणे आले. मी सहज उघडल्यासारखं करून ते पान काढून दिलं. पोरीने वाचलं. वाचते कसली, पाठ म्हणाली! मुलाच्या वडिलांनी तिथेच साखर मागवली. ती उठून आत गेली तेव्हा उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली, पायाने उंबरा चाचपला आणि मग ओलांडला. ते कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

लग्न झालं. शाळा त्याच दिवशी संपली. पुढची तीन-चार वर्षं ती बहुतेक आमच्याकडेच होती, आणि मग सासरी कायमचं जायचा दिवस आला. तिची आई बोचकं बांधत होती. जिने चष्म्यासाठी आकांत केला होता तीच माझ्याजवळ आली आणि तो माझ्यापुढे धरून म्हणाली, “आता सांगून टाका त्यांना. हवं तर माझ्या नावाने सांगा. पण डोळे तिचे तिच्याबरोबर जाऊ देत.” मी म्हणालो, आत्ता नको, ऐन पाठवणीत कसं सांगायचं, चार दिवस जाऊ देत, मी जाऊन बोलतो. चष्मा मी घेतला आणि पोथ्यांच्या फडताळात ठेवला. पोरीने मागितला नाही. जाताना नुसतं फडताळाकडे पाहिलं.

चार दिवसांचं वर्ष झालं. दर खेपेला काहीतरी निघायचं, कधी त्यांच्याकडे सोयर, कधी आमच्याकडे सुतक. मग कल्याणहून एक यजमान आले, बोलता बोलता म्हणाले, गुरुजी, मुलगी कामाला चोख आहे हो, पण सासरी तिला गर्विष्ठ म्हणतात. रस्त्यात थोरलं माणूस भेटलं तरी ओळख दाखवत नाही, तोंड वर करून निघून जाते. वाचता येतं ना, म्हणून चढलीय, असं बायका बोलतात. त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने चष्मा धोतराच्या कडोसरीला खोचून कल्याणला निघालो. सांगायचंच, असं पक्कं ठरवून निघालो होतो. गाडीत मी वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं.

स्टेशनातून त्यांच्या घराकडे जाताना वाटेत तलाव लागतो. मी तलावाच्या काठाने चाललो होतो आणि समोरून ती आली. कमरेवर कळशी, बरोबर तिची थोरली जाऊ. जाऊ मला ओळखत नव्हती, लग्नात बायकांच्या गर्दीत तिने मला कुठे पाहिलं असणार! मी थांबलो. माझ्या आणि पोरीच्या मध्ये आठ-दहा पावलं. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी सरळ पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल. तिने पदर पुढे ओढला, वाटेच्या कडेला झाली आणि परका पुरुष जाईपर्यंत बायका उभ्या राहतात तशी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

एक शब्द पुरला असता. नुसतं ‘हं’ पुरलं असतं. पण जाऊ शेजारी उभी होती. मी बोललो असतो तर हिने दहा पावलांवरून आपल्या बापाला ओळखलं नाही, हे जावेच्या डोळ्यांदेखत झालं असतं, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या फसवणुकीचा बभ्रा झाला असता. पाठ केलेलं वाक्य डोक्यातून पार निघून गेलं. मी मान खाली घालून तिच्या पाठीमागून पुढे निघून गेलो. तिच्या अंगाला येणारा शिकेकाईचा वास मला आला, इतक्या जवळून.

बाजारात उगाच फिरलो, एका देवळात टेकलो, आणि तासाभराने त्यांच्या घरी गेलो. दारातूनच मोठ्याने व्याह्यांना हाक मारली. ती माझा आवाज ऐकून आतून धावत आली. पायांवर डोकं ठेवलं, गूळपाणी आणलं. व्याही बाहेर गेले होते, जाऊ स्वयंपाकघरात होती. पोर माझ्या अगदी जवळ येऊन बसली, तोंड माझ्या तोंडाशी आणून तिने मला नीट पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाली, “बाबा, मघाशी तलावावर तुम्ही होतात का? उपरण्यावरून वाटलं मला. पण तुम्ही बोलला नाहीत, म्हणून म्हटलं दुसरं कुणी असेल.”

मी म्हणालो, “नाही गं. मी आत्ताच येतोय.”

बरं, म्हणाली, आणि रिकामा तांब्या उचलून भिंतीला हात लावत आत गेली. व्याही आले, त्यांच्याशी पीकपाण्याचं बोललो, जेवलो आणि दुपारच्या गाडीने परत फिरलो. चष्मा कडोसरीलाच होता.